गेली, आता दुसरी बघतो

मंगळवार पेठेतली पिराजीची पिठाची गिरण सुरू झाली की शेजारच्या दुकानदारालाही ओरडून बोलावं लागे. पिराजी तर जेवताना मीठसुद्धा ओरडूनच मागायचा. गिरणीत फोन ऐकू येत नाही म्हणून मुलाने, सम्राटने, त्याला बिनवायरचा हेडसेट आणून दिला. तो कानांवर चढवून स्वारी खूश झाली.

दुसऱ्याच दिवशी त्याची थोरली बहीण बायडाबाई मुरगूडहून येणार होती. तिच्या छातीत दुखायचं. डॉक्टरांना दाखवायचं होतं. आईच्या माघारी पिराजीला तीच आईसारखी. त्या दिवशी सकाळी तो जोंधळे दळत होता, पण जीव वाटेकडे लागलेला. इतक्यात दाजींचा, म्हणजे बायडाबाईच्या नवऱ्याचा, दादासोंचा, व्हॉईस मेसेज आला. पिराजीने पिठाळ बोटाने तो लावला.

"...गेली. आता दुसरी बघतो."

त्याने पुन्हा ऐकलं. तेच. आवाज दाजींचाच, आणि रडवेला नव्हे, नुसता वैतागलेला! फोन लावला, तर कोणी उचलेना. त्याने गिरण थांबवली आणि मटकन पोत्यावर बसला.

"गिरण का बंद केलीसा?" त्याची बायको संयोगिता घरातून धावत आली.

"आक्का गेली गं! आन् ह्यो बाबा म्हणतोय, आता दुसरी बघतो! अजून तिला उचलली न्हाय, तवर!"

दळणाला आलेल्या चिमणाबाईंनी पदर तोंडाला लावला. "पुरुषाची जातच तसली. नातवंडं मांडीवर हाईत, आन् बघा की!"

संयोगिताला काही पटेना. "दाजी आसं म्हणायचं न्हाईत." तिने हेडसेट ओढून काढला, बंद केला आणि मेसेज नुसत्या फोनवर लावला.

"एस्टी गेली. आता दुसरी बघतो."

हेडसेटला जागं व्हायला जरा वेळ लागायचा. तेवढ्यात मेसेजचा पहिला शब्द तो गिळून टाकायचा.

दुसऱ्या एस्टीने दोघं आली, तरी पिराजीने तोंड धुतलं नव्हतं. पिठाळ गालांवर आसवांचे ओघळ तसेच.

"काय रं, कोण मेलं?" बायडाबाईने विचारलं. पिराजीने नुसता तिचा हात घट्ट धरला. संयोगिताने सगळं सांगितलं, तशी बायडाबाईला हसता हसता ठसका लागला. "मला मारलंस ते मारलंस, ह्यांचं लगीन बी जुळवलंस व्हय?"

दादासो मात्र हसले नाहीत.

"पावणं, ही गेली आसं वाटलं, ते समजतो. पर मी लगेच दुसरी बघीन, हे खरं वाटलं तुम्हाला?"

पिराजी उठला आणि त्याने गिरण सुरू केली.