अर्धा फळा

"वाक. काटकोनात वाक."

गुरुजींची छडी पाठीवर टेकली आणि मी वाकले. इंदापूरच्या शाळेच्या पडवीत, दाराबाहेर. आतून पाचवीचा अख्खा वर्ग माझ्याकडं बघत होता.

"पाहा रे, हा काटकोन," गुरुजी म्हणाले. छडी आणखी दाबली. "आणि आता?"

"लघुकोन!" पोरं एका सुरात ओरडली.

माझे केस जमिनीला लागले. भीतीनं परकर ओला झाला. ते कुणाला दिसू नये म्हणून मी गुडघे घट्ट जुळवून धरले.

माझा गुन्हा काय? मी महारवाड्यातली. मला आत बसायची मुभा नव्हती. पडवीत गोणपाट टाकून बसायचं. दाराची एक फळी कायम लावलेली असायची, त्यामुळं मला फळा अर्धाच दिसायचा. त्या दिवशी गुरुजींनी फळ्यावर आकृती काढली आणि सगळा वर्ग सोडून मलाच विचारलं, "ए, सांग, ही कोणती आकृती?"

मला दोन तिरप्या रेषा दिसल्या, टोकाला जुळलेल्या. पुढं दाराची फळी. तिसरी बाजू फळीमागं असेल, असं वाटलं.

"त्रिकोण," मी म्हणाले.

वर्ग खदाखदा हसला. फळ्यावर समभुज चौकोन होता, टोकावर उभा केलेला. त्याचा अर्धा भाग दारानं खाल्ला होता.

"तुमच्या डोक्यात भूमिती शिरायची नाही," गुरुजी म्हणाले. "अंगात शिरते का बघू." आणि मला वाकवलं.

"आता वर हो जराशी. हा विशालकोन. चल, पुन्हा काटकोन."

मी वर झाले, ती वरच राहिले. ठरवून नव्हे. पाठ वाकेचना.

"वाक म्हणतो ना!"

"गुरुजी, मला हितून समदा फळा दिसत न्हाय."

माझाच आवाज ऐकून मला धडकी भरली. छडी खांद्यावर बसली. दुसरी मानेवर. पळायला मोकळी पडवी होती, पण मी उलट आत शिरले. फळ्यासमोर उभी राहिले. पुढची पोरं बाक सोडून भिंतीला चिकटली. आयुष्यात पहिल्यांदा मी अख्खा फळा बघितला. चारी बाजू मोजल्या. मग गुरुजींनी छडीनंच मला बाहेर हाकललं.

संध्याकाळी माझ्या बाला चावडीवर बोलावलं. मी लांब लिंबाखाली उभी होते. बा हात जोडून, मान खाली घालून उभा. पाटील म्हणाले, "उद्या पोरगी पाया पडून माफी मागंल. न्हायतर तुमची गावातली भाकर बंद."

घरी येऊन बा मला एवढंच म्हणाला, "माग बाई माफी. एकदा. आमी काय खायचं?"

बानं माझ्यापुढंही हात जोडले. गुरुजींच्या छडीपेक्षा मला त्या हातांचं भय वाटलं.

सकाळी आयनं माझी वेणी घातली. ओढून, घट्ट.

"भ्या वाटतंय?"

"व्हय."

"वाटू दे. मी जाते खडी फोडायला. भाकरीचं मी बघते. तू जा."

मी गेले. माफी मागितली नाही. पडवीतलं गोणपाट उचललं, आत आणलं, फळ्यासमोर अंथरलं आणि बसले. पोरं सरकली. गुरुजींनी छडी घेतली. मी दोन्ही हातांनी गोणपाट धरलं.

गावानं भाकर बंद केली. बा माझ्याशी बोलेनासा झाला. छडी रोज बसली. भीती काही गेली नाही, रोज सकाळी वेशीतून माझ्यासोबत यायची. येऊ दे. मारणाऱ्यानं मारावं. मी इथून उठणार नाही.