ताजा चुना

चुना ताजा होता. नखानं खरवडला तर पांढरी पूड निघाली. हे बनावट आहे, असं मी तिथंच ठरवलं.

बीडमधल्या निजामाच्या काळातल्या शाळेच्या जागी नवी इमारत व्हायची होती. माझं काम हेरिटेज इम्पॅक्ट असेसमेंटचं. म्हणजे बांधकामानं जुनं, मोलाचं काही जाणार आहे का, ते आधी बघून रिपोर्ट द्यायचा. मैदानाच्या कोपऱ्यात चुन्यानं बांधलेलं एक गोल दगडी तोंड होतं. शेजारच्या गॅरेजचे लतीफचाचा म्हणाले, हे जुन्या नहरीचं तोंड. नहर म्हणजे जमिनीखालून पाणी नेणारा बांधीव बोगदा. ते पाणी पुढं त्यांच्या मोहल्ल्याच्या हौदात जातं. उन्हाळ्यात तेवढाच आधार.

पण चाचांच्या गॅरेजची भिंत दोन फूट शाळेच्या जागेत होती. काम थांबलं तर भिंत वाचणार. शिवाय हा ताजा चुना. त्याबद्दल मी मुद्दामच काही विचारलं नाही. पुरावा हातचा राखायची सवय.

"मूठभर भुसा टाका सायब," चाचा म्हणाले. "घंट्याभरात हौदात निघतो. मी कावून झूट बोलू?"

"हौदात तुम्ही आधीच टाकून ठेवला असेल तर?"

"मंग तुमच्या चकलांब्याचा आणा. त्यो तर वळखाल?"

चकलांबा माझं गाव. गॅरेजमधले सगळे हसले. मी वही मिटली.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, शंका असेल तर एक दिवस थांब, तपास. मी म्हणालो, गरज नाही. रिपोर्टमध्ये लिहिलं: अलीकडचं बांधकाम, वारसामूल्य नाही.

पायाचं काँक्रीट पडलं आणि महिन्याभरात हौद कोरडा झाला. मी गेलो तेव्हा चाचा रिकाम्या हौदाच्या काठावर बसले होते. रागावले नाहीत. तेच जास्त लागलं.

"त्यो चुना कुणी लावला, एवढं तरी इचारायचं," ते म्हणाले. "दर उन्हाळ्याच्या आधी आमीच लावतो. न्हाई तर माती आत पडती. माझा बाप लावायचा, त्याचा बापबी."

म्हणजे वरच्या थराखाली आणखी कितीतरी थर होते. मी एकच खरवडून थांबलो होतो.

चूक कबूल करून दुसरा रिपोर्ट दिला. तो फाइलला लागला. नहर काँक्रीटखालीच आहे. मोहल्ल्यात आता टँकर येतो, कधी येतही नाही.

हल्ली साइटवर ताजा चुना दिसला, की कोण लावतं, हे आधी विचारतो. गाडीच्या डिकीत भुशाची पिशवीही असते. चकलांब्याचीच.