बुंध्यांचा माहितगार

धूलकोटच्या शाळेत जाता-येता, झाडं तोडून बोडक्या झालेल्या टेकडीवर एक माणूस रोज दिसायचा. एकदा गाडी लावून मी वर गेलो. गुडघाभर गवतात हात घालून तो सागाचा जुना बुंधा नेमका शोधून काढायचा, त्याला आलेल्या फुटव्यांतला एक जोमदार ठेवायचा आणि बाकीचे विळ्याने छाटायचा.

"नवी रोपं का नाही लावत?" मी मास्तरकीनं विचारलं. आमच्या शाळेत दरवर्षी त्याच खड्ड्यांत लावतात.

"मुळं जिंदा आहेत ना, सर. फक्त बकऱ्या येऊ द्यायच्या नाहीत."

"पण एवढे बुंधे ध्यानात कसे राहतात?"

"झाडं तोडली तर मीच होती," तो म्हणाला आणि खाली न बघता पुढच्या बुंध्याकडे गेला.