टाकायचं पाणी

बुटांच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये नवीनबाई कामाला लागली तेव्हा ती नवीन होती, एवढंच त्या नावात खरं. पुढे तिचे केस पांढरे झाले, मुलीचं लग्न होऊन ती आजी झाली, तिच्यामागून आलेल्या बायका जुन्या होऊन सोडून गेल्या. पण नवीनबाई ती नवीनबाईच. नवरा कातडं कापायच्या मशीनवर लागला म्हणून ती त्याच्यामागे आली, ती पार दुष्काळी मुलखातून.

कँटीन मावशींच्या हातात. मावशी इथल्याच, मागच्या डोंगरातल्या. त्या डोंगरावर एक रानपाला उगवतो, कडूजहर. मावशींचे लोक तो पिढ्यान्‌पिढ्या खात आलेले. पाला उकळायचा, कडू पाणी फेकायचं, मग पिळून परतायचा. पहिल्याच दिवशी मावशींनी नवीनबाईला पाल्याच्या पातेल्यापाशी उभं केलं, "उकळी आली की पाणी टाक गं," असं सांगितलं आणि त्या तांदूळ काढायला कोठीत गेल्या.

आता 'टाक' हा शब्द मोठा लबाड. मीठ टाक म्हणजे घाल, कचरा टाक म्हणजे फेक. कुठे काय समजायचं, हे आपण आईच्या कडेवर असतानाच शिकतो. नवीनबाईही शिकली होती. पण पाणी फेकतात, हे तिला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या गावी तांदळाचं धुवण म्हशीला जायचं आणि आंघोळीचं पाणी भोपळ्याच्या वेलाला. तेव्हा पाणी टाक म्हणजे कशात तरी टाक. शेजारी डाळ शिजत होती. तीत तिनं ते हिरवं पाणी ओतलं, चव घेतली आणि तिचं तोंड वाकडं झालं. मग गावाहून आणलेल्या पिशवीतली वाळवलेल्या आंबट फळांची पूड घातली आणि वर मिरचीची चरचरीत फोडणी दिली.

मावशी आल्या. "पाणी कुठाय?"

"टाकलं."

"कुठं?"

"डाळीत."

मावशींनी कपाळाला हात लावला. "अगं बाई, टाक म्हणजे टाकून दे! हे पाणी आमची गुरंसुद्धा पीत नाहीत!"

"मग तसं सांगायचं ना, मावशी. टाक म्हणालात, टाकलं."

जेवणाची घंटा झालेली, दुसरी डाळ नाही. शेवटी तेच वाढलं. किनाऱ्याकडून आलेल्या शिलाईवाल्यांनी दोनदा मागून घेतलं. पॅकिंगमधला एकजण डोळे मिटून म्हणाला, "अगदी माझ्या आईच्या हातची चव." आता त्याच्या आईनं हा पदार्थ करणं जरा अवघडच होतं; तो जन्माला येऊन अजून तासही झाला नव्हता.

कामगारांनी त्याला रस्सा म्हणायला सुरुवात केली आणि तो कँटीनला चिकटला तो कायमचा. मावशी वाढताना प्रत्येकाला बजावायच्या, "आमच्यातलं नाही हं हे. ही हिची करणी." नवीनबाईला ती शिवी वाटायची नाही, सही वाटायची.

यंदा नवा मॅनेजर आला. त्याला टापटीप फार. त्यानं कँटीनच्या फळ्यावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला 'इथलं', ते मावशी करणार. दुसऱ्या बाजूला 'बाहेरचं', त्यासाठी रीतसर शिकलेला आचारी येणार. नवीनबाईनं भांडी घासायची. भांडी कुणीतरी घासायलाच हवीत; पण चुलीपाशी उभ्या राहिलेल्या बाईला मोरीत बसवलं की ती बसते, जेवत मात्र नाही. दोन दिवस तिचा डबा तसाच परत गेला.

राहता राहिला रस्सा. तो कुठल्या बाजूला लिहायचा? मॅनेजरनं दोघींना बोलावलं.

"नवीनबाई, तुमच्या गावचा का हा?"

"नाही साहेब. आमच्याकडे हा पाला उगवतच नाही."

"मग मावशी, तुमचा?"

या प्रश्नाचं उत्तर सगळ्या कँटीनला तोंडपाठ होतं. मावशींनी पदरानं हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले.

"आमचाच," त्या म्हणाल्या. "माझ्या आजीचा. पण साहेब, माझे गुडघे गेले. पातेल्यापाशी उभं राहवत नाही, आणि आजीचा हात आता हिच्याशिवाय कुणाला येत नाही. 'इथलं' करायला मला ही लागेल."

मॅनेजरनं खडू उचलला आणि 'इथलं'खाली रस्सा लिहिला. नवीनबाईची चूल वाचली, रस्सा गेला.

बाहेर आल्या आल्या ती म्हणाली, "तुमची आजी मी यायच्या आधीच गेली ना?"

"गेली."

"मग?"

"मग काय? मोरीत बसतेस?"

त्यानंतर बरेच दिवस नवीनबाई मावशींशी बोलली नाही. जे काय बोलायचं ते झाकणं बोलायची.

मावशी आता स्टुलावर बसून नव्या आचाऱ्याला आजीची गोष्ट सांगतात. ती रोज थोडी वाढते. परवा तर आजी ओच्यात पाला घेऊन पावसात डोंगर उतरली. "आणि मग," मावशी म्हणाल्या, "वरून लसणाची खमंग फोडणी द्यायची."

नवीनबाईचा पातेल्यातला डाव थांबला. "लसूण नाही घालायच्या त्या."

"आजी माझी, आणि मला शिकवतेस?"

"बिघडेल रस्सा."

नवा आचारी कांदा कापायचा थांबून दोघींकडे बघत राहिला. मावशींनी स्टूल पातेल्याजवळ ओढलं.

"बरं, सांग मग," त्या म्हणाल्या. "काय घालायची आजी?"