आधी बाबा

गुरुवारी तो वारला. शनिवारी दवाखान्यात मुलं पुन्हा रडू लागली.

बहरीनमध्ये, बाब अल बहरीन या जुन्या वेशीमागच्या दातांच्या दवाखान्यात तो मदतनीस होता, गुहागरकडचा. आम्ही इंजिनिअर, बँकवाले बाप "काही दुखत नाही हं" म्हणत मुलांना ओढत आणायचो. तो दारातच अडवायचा, "नाही ना दुखत? मग आधी बाबा. यल्ला, चला साहेब, बसा खुर्चीत." बापांना लगेच ऑफिसातलं काम आठवायचं.

माझ्या सात वर्षांच्या मुलीची हिरडी सुजली होती. दोन दिवस ती जेवली नव्हती, पण तोंड उघडेना. मग मी खुर्चीत बसलो.

"दुखलं की हात वर करा, डॉक्टर थांबतील," तो म्हणाला.

डॉक्टरांनी नुसता आरसा तोंडात घातला आणि माझा हात वर गेला.

"पप्पा, दॅट्स ओन्ली द मिरर!" मुलगी हसली.

तो तिच्यापुढे वाकला. "खरं सांगतो, बाय. तुला दुखेल. पण तू हात वर केलास की डॉक्टर थांबतील."

ती बसली. तिने एकदाच हात वर केला. डॉक्टर थांबले.

आता तिथे भिंतीवर हसऱ्या दाताचं चित्र आहे. बापांना कोणी खुर्चीत बसवत नाही.