शाल घरी ठेव

माझ्या नाकावर राग असतो हे आमच्या सावद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बेसबॉलमध्ये मी कॅचर झाले तीसुद्धा रागातच. बॅटरच्या मागे उकिडवं बसायचं, तोंडावर लोखंडी जाळी, आणि येईल तो चेंडू झेलायचा. ती जागा कुणालाच नको होती. शाळेतल्या सरांनी विचारलं, "कोण बसतं?" सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या तेव्हा मी चिडून म्हणाले, "द्या इकडे ती जाळी!" मग पुढची चार वर्षं तिथून हललेच नाही.

बारावीला आले आणि पंचाईत झाली. जवळच्या कॉलेजात मुलींचा संघच नव्हता. वडिलांना आम्ही भाऊ म्हणतो. भाऊंचं मत पक्कं होतं. "खेळ शाळेतला. नाव झालं, पेपरात फोटो आला, आता बस कर ना माय." मी दोन दिवस जेवले नाही, तेव्हा कुठे मुदत मिळाली. निकाल लागेपर्यंत संघ असलेल्या एखाद्या कॉलेजानं घेतलं तर जायचं. नाहीतर ग्लोव्ह माळ्यावर.

सरांनी सात कॉलेजांच्या प्रशिक्षकांचे नंबर दिले. म्हणाले, "तूच मेसेज कर. मी केला तर त्यांना वाटेल पोरीला गरज नाही." आता प्रशिक्षकाला काय लिहायचं, हे आमच्या घरात कुणाला माहीत? मी आपली शाळेच्या रजेच्या अर्जासारखी सुरुवात केली, "महोदय, वरील विषयास अनुसरून". वर विषय लिहायचाच विसरले होते, ते सोडा. भाऊ मागे उभे राहून वाचत होते. संघ नको म्हणणारा माणूस, पण मेसेज म्हटल्यावर त्यांना राहवेना.

"नुसतं लिहून काय होतं? फोटो टाक सत्काराचे," ते म्हणाले. "माणसाले आधी मान दिसू दे."

आमच्याकडे पोरगी राज्य पातळीवर खेळून आली की काय होतं? मॅच कुणी पाहिलेली नसते, पण सत्कार पाच होतात. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर शुभेच्छुकांचे चेहरे मोठे आणि खेळाडूचा चेहरा कोपऱ्यात. ते सगळे फोटो भाऊंनी फोनमध्ये जपून ठेवले होते. मीही वेडी, बारा फोटो निवडले आणि सातही जणांना पाठवून दिले.

सगळीकडे निळ्या खुणा उमटल्या. उत्तर एकाचंही नाही. मी दर पाच मिनिटांनी फोन बघायची, आणि आई म्हणायची, "बघून बघून तो दूध देणार आहे का?"

आठव्या दिवशी धुळ्याच्या प्रशिक्षकांचं उत्तर आलं. एकच ओळ, तीही अहिराणीत.

"शाल भारी शे. खेळ कोठे शे?"

आमची बोली वेगळी, पण 'शे' म्हणजे 'आहे' एवढं कळायला काही लागत नाही. अंगाची नुसती लाही झाली. मी फोन भाऊंपुढे आपटला. "घ्या! बघा तुमचा मान!" भाऊंनी वाचलं. पायात चपला घालून शेतात निघून गेले. मला तेव्हाही कळलं होतं की मी जास्त बोलले, पण राग आला की माझं तोंड माझं राहत नाही.

संध्याकाळी मीच लाज सोडून धुळ्याच्या सरांना मेसेज केला, काय पाठवू? त्यांनी लगेच कळवलं. बसलेल्या जागेवरून उठून दुसऱ्या बेसवर फेक, दहा वेळा. अंतर बरोबर हवं. फोन एका जागी ठेव. आणि व्हिडिओ मध्ये कुठेही कापायचा नाही.

दुसऱ्या बेसकडे चोरून पळणारी खेळाडू बाद करायची तर कॅचरला तिथवर नेम मारावा लागतो. ते अंतर एकशे सत्तावीस फूट. परीक्षा चालू असल्यामुळे शाळेचं मैदान बंद होतं. मी ओट्यावर तोंड पाडून बसले होते. तेवढ्यात भाऊ आले आणि विचारलं, "किती फूट?"

मी सांगितलं.

"चाल," ते म्हणाले.

आमच्या शेताचा एक तुकडा केळी काढून नुकताच मोकळा झाला होता. भाऊंनी लागवडीची दोरी आणली. केळी लावताना रोपं सरळ रेषेत यावीत म्हणून या दोरीला पाच-पाच फुटांवर गाठी मारलेल्या असतात. पंचवीस गाठी मोजल्या, वर दोन फूट टेपानं घेतले. त्या टोकाला केळी भरायचं प्लास्टिकचं कॅरेट आडवं ठेवलं, तोंड माझ्याकडे करून. फोन बांबूला सुतळीनं बांधला. मग स्वतः समोर उभे राहिले आणि चेंडू टाकायला लागले. भाऊंनी माझा खेळ कधीच पाहिला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

पहिल्या चार वेळा चेंडू कॅरेटमध्ये धाड धाड बसला. "आयला!" भाऊ म्हणाले. ते व्हिडिओत आहे. पाचव्या वेळी हातातून निसटला तो शेजारच्या उभ्या केळीत. मी ग्लोव्ह जमिनीवर आपटला, ढेकळाला लाथ मारली, आणि जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. मग चेंडू शोधायला केळीत घुसले. चेंडू एकच होता आमच्याकडे. तीन मिनिटं सापडेना. सापडला तेव्हा कपड्यांवर केळीचा चीक, गालावर ओरखडा. परत येऊन बसले, जाळी ओढली, आणि उरलेल्या पाचांतले चार आत घातले.

"हे मधलं काढून टाकता येतं का?" भाऊ हळूच म्हणाले. "लोक काय म्हणतील, अशी बोलते पोरगी."

"कापायचं नाही म्हणालेत."

"मग पुन्हा काढू. उजेड आहे अजून."

मलाही तेच वाटत होतं, खोटं कशाला सांगू. पण या वेळी तरी खरं काय ते दाखवायचं होतं. डोळे मिटून पाठवून दिला. तिसऱ्या दिवशी मेसेज आला. "मंगळवारी ट्रायलला ये. शाल घरी ठेव."

सावद्याहून भुसावळ, मग जळगाव, तिथून एसटीनं धुळे. भाऊ सोबत होते, मांडीवर पिशवी घट्ट धरून. मैदानावर खऱ्या मुली बेस चोरायला पळत होत्या आणि मी दुसऱ्या बेसवर फेकत होते. तीन बाद केल्या, दोन निसटल्या. निसटल्या तेव्हा दात आवळून गप्प राहिले. पांढऱ्या मिशांचे प्रशिक्षक भाऊंजवळ जाऊन बसले. मी पाणी प्यायच्या निमित्तानं कान देऊन उभी.

"व्हिडिओत तीन मिनिटं पोरगी दिसतच नाही," ते म्हणाले.

भाऊ ओशाळले. "चुकलं सर. लई तापट आहे."

"तापट आहेच. मी ती तीन मिनिटं पूर्ण पाहिली. म्हटलं, रागानं गेलेली परत येऊन बसते का बघू. बसली."

भाऊंनी पिशवीत हात घातला आणि नारळ काढला. पाठोपाठ शाल. मला वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं. "भाऊ!" मी ओरडलेच. पण ते उठून सरांच्या खांद्यावर शाल घालायला निघाले होते.

सरांनी त्यांचा हात धरला. "आत्ता नको. हिची पहिली मॅच होईल ना, तेव्हा घेऊन या."

भाऊ शाल हातात घेऊन तसेच उभे राहिले. माझ्याकडे बघितलं, पुन्हा सरांकडे. मला कळलं होतं, आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती. भाऊंनी शालीची घडी घातली, पिशवीत नीट ठेवली, नारळ तिच्यावर ठेवला.

"बरं," ते म्हणाले, "मग मॅच कधी आहे?"