मामाजींचा चार्ज

स्वतःच्या विरोधात स्वतःच प्रचार करणारा उमेदवार अख्ख्या छत्तीसगडात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, याला माझं नशीब म्हणायचं, दुसरं काय! अक्षता पडल्या त्या दिवसापासून मी त्यांना मामाजी म्हणतो. ते राहतात त्या खुर्सीपारमध्ये मात्र लहानथोर सगळे त्यांना 'पार्षद काका' म्हणत. पाच वर्षं ते तिथल्या वॉर्डाचे पार्षद, म्हणजे नगरसेवक, होते, आणि त्याआधी उभी हयात त्यांनी पोलाद कारखान्यात फोरमनकी केली होती. निवडून आल्यावर वॉर्ड कसा चालवायचा, असा प्रश्न त्यांना पडलाच नाही. ते वॉर्डही शिफ्टसारखाच चालवू लागले.

पहाटे साडेपाचला डोक्यावर कारखान्याचं पिवळं हेल्मेट, गळ्यात शिट्टी आणि काखेत जाडजूड लॉगबुक अशा थाटात मामाजी राऊंडला निघत. नळ गळतोय, खांब वाकलाय, कचरा उचलला नाही, जे दिसेल ते तिथल्या तिथे लॉगबुकात जाई. एकदा एक म्हैस नालीत अडकली, तर नगर निगमची गाडी येईपर्यंत मामाजी लाल फडकं घेऊन दुपारभर उन्हात उभे! मामींनी जेवायला बोलावणं धाडलं, तेव्हा त्यांनी निरोप दिला, "जागा सोडता येत नाई. म्हशीचं जेवण झालं काय ते पाहा आधी." माझ्या साळीच्या लग्नात तर पंगतीत बसल्या-बसल्या एकानं पाण्याची तक्रार सांगितली. यांनी डावा हात पुढे करून लॉगबुक मागवलं. त्या पानावर मठ्ठ्याचा डाग आजही आहे.

हे लॉगबुक म्हणजे काय, ते एकदा त्यांनी मला समजावलं होतं. कारखान्यात शिफ्ट सुटली की पुढच्या माणसाला आधी बिघडलेलं सांगायचं, राहिलेलं सांगायचं. तो रिलीवर लॉगबुकावर सही करून चार्ज घेईपर्यंत जागेवरून हलायचं नाही. "चालू मशीन तं कोनालेबी दिसते, जवाईबुवा," मामाजी म्हणाले, "बंद पडलेली सांगा लागते. नाई सांगितली तं पुढच्याचा हात जाते." मी मान डोलावली. हेच वाक्य एक दिवस आमच्या मुळावर येणार आहे, हे मला कसं कळावं?

दुसऱ्यांदा निवडणूक लागली आणि बाप्पा, काय तो उत्साह! मी जुनवानीच्या माझ्या घरून बिऱ्हाड हलवल्यासारखा मामाजींकडेच मुक्कामाला गेलो. त्यांना निशाणी मिळाली शिट्टी. देवानंच दिली म्हणा! सकाळपासून वॉर्डभर शिट्ट्याच शिट्ट्या. म्हातारे वाजवतात, पोरं वाजवतात, दूधवाला वाजवतो. त्या गदारोळात कुकरच्या शिट्ट्या मोजता येईनात म्हणून मामींची डाळ तीनदा करपली. "एकदा निवडून या आन् ह्या शिट्ट्या बंद करा, मंग मीच तुमाले हार घालतो," मामी म्हणाल्या. जिंकणार यात कुणालाच शंका नव्हती. समोरचा उमेदवार कडक इस्त्रीचा कुर्ता घालणारा एक तरुण होता. वॉर्डातल्या नाल्या त्यानं फक्त गाडीतून पाहिल्या होत्या.

शेवटच्या सभेसाठी मी जीव ओतून चार पानी भाषण लिहिलं. नवे रस्ते, बोअरिंग, बगिचा, दिवे, पाच वर्षांचं सगळं काम त्यात होतं. मैदान खच्चून भरलेलं. मामाजी उठले, त्यांनी खिशातून माझी चार पानं काढली, चष्मा स्वच्छ पुसला आणि पानं परत खिशात ठेवली. मग काखेतलं लॉगबुक उघडलं.

"जो हुआ है, वो आपको दिख रहा है," मामाजी माइकवर खणखणीत आवाजात म्हणाले. "अब जो नहीं हुआ, वो सुनिए. नौ नंबर गली की नाली, नहीं बनी. तीन बार लिखा, फिर भी नहीं बनी. मैं पीछे नहीं पड़ा, गलती मेरी." टाळ्या वाजवाव्यात की नाही, लोकांना समजेना. पुढच्याच रांगेत नऊ नंबरच्या गल्लीतल्या अम्मा बसल्या होत्या, त्या तोंडाला पदर लावून हसू लागल्या. मामाजींनी एकेक करत राहिलेलं सगळं वाचलं आणि शांतपणे खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा घेतोय, तर रस्त्यावरून मामाजींचाच आवाज! "नौ नंबर गली की नाली, नहीं बनी... गलती मेरी..." समोरच्या पार्टीनं भाषण मोबाइलवर उतरवून ऑटोच्या भोंग्यावर चढवलं होतं, आणि तो ऑटो वॉर्डभर फिरत होता. मी कपाळावर हात मारला. मामाजी लगबगीनं बाहेर गेले, त्यांनी शिट्टी मारून ऑटो थांबवला. मला वाटलं, आता ते त्याची चांगली खरडपट्टी काढणार. कसलं काय!

"भैया, बारह नंबर का खंभा कट गया है इसमें," ते ऑटोवाल्याला म्हणाले. "सुनाना है तो पूरा सुनाओ."

"मामाजी, पडता ना तुमी!" मी अक्षरशः ओरडलो. "पडलो तं पडलो," ते म्हणाले, "पन अर्धवट कायले सांगाचं?"

आणि पडले. मतमोजणीत प्रत्येक फेरीला आम्ही पुढे, माझ्या हातात गुलालाची थैली तयार, आणि शेवटच्या फेरीत सगळं फिरलं. हरले तेही इतक्या थोड्या मतांनी, की तेवढ्या माणसांना आमच्या अंगणात बसवून चहा पाजता आला असता. मी लहान मुलासारखा रडलो. मामींनी कुकर लावला. त्या दिवशी शिट्ट्या नीट मोजता आल्या.

मामाजींनी हेल्मेट चढवलं, लॉगबुक काखेत मारलं आणि मला घेऊन थेट जिंकलेल्याच्या घरी गेले. ढोल वाजत होते, तो तरुण हारांत बुडाला होता. मामाजींनी पान उघडून पेन पुढे केलं. "हां हां काका, रख दीजिए," असं म्हणून त्यानं ते लॉगबुक मागच्या खुर्चीवर ठेवलं आणि फोटोसाठी वळला. मामाजी थोडा वेळ थांबले. मग त्यांनी लॉगबुक हळूच उचललं. "सही नाई झाली," येताना ते म्हणाले. "चार्ज मायापाशीच आहे."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला राऊंड सुरू! तेव्हापासून निगमच्या कचेरीत बाकावर बसून बसून, साहेबांना कंटाळा आणून, त्यांनी राहिलेलं एकेक काम करून घेतलं. गेल्या महिन्यात नऊ नंबरची नाली झाली. नारळ फोडायला मामाजींना कुणी बोलावलं नाही. अम्मांनी मात्र घरी इडल्या पाठवल्या.

काल मी भेटायला गेलो, तर मामाजी अंगणात नुसते बसलेले. मांडीवर लॉगबुक, शेवटच्या ओळीवर रेघ मारलेली. इतके म्हातारे ते मला कधी दिसले नव्हते. "पेंडिंग काई नाई आता," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "जवाईबुवा, तुमच्या गल्लीत काई बिघडलं नाई काय?"

मी म्हणालो, "आहे ना, मामाजी. आमच्या फाटकासमोरचं नालीचं झाकण भलतंच हलून राहिलं."

"जुनवानी माया वॉर्डात नाई," ते म्हणाले. पण तोवर पेनाचं टोपण निघालं होतं. "उद्या साडेपाचले येतो."

आमच्या फाटकासमोरचं झाकण चांगलं घट्ट आहे. शेजाऱ्याकडून उचकटायला लोखंडी सब्बल मागून आणली आहे. मामाजी यायच्या आत ते हललं पाहिजे.